आता स्पष्ट की मघाशी?

आमचे हे चष्मेवाले. बाजाराच्या वळणावर, जिन्याखाली यांचं दुकान. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, आत एक उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. माणूस खुर्चीत बसला की हे त्याच्या नाकावर ती जड चौकट चढवतात, तिच्यात एक काच घालतात, काढतात, दुसरी घालतात आणि विचारतात, "आता स्पष्ट की मघाशी?" दिवसभर हेच चालतं. दुकान बंद केलं तरी प्रश्न काही बंद होत नाही. घरात पडदे घ्यायचे होते तेव्हा यांनी दुकानदाराला दोन कापडं आळीपाळीने खिडकीशी धरायला लावली होती. "आता बरा की मघाचा?" चौथ्या फेरीला तो बिचारा म्हणाला, "साहेब, कुठलाही घ्या, पण घ्या."

यांच्याकडे एक युक्ती आहे. गिऱ्हाईक फार पटापट उत्तरं द्यायला लागलं की यांना संशय येतो. मग हे हळूच एक कोरी काच घालतात, म्हणजे तिला नंबरच नाही, नुसती काच. "आता?" गिऱ्हाईक म्हणतं, "वा, एकदम लख्ख!" हे गंभीर चेहऱ्याने काच काढतात आणि तपासणी पहिल्यापासून सुरू करतात. लोकांना खोटं बोलायचं नसतं, त्यांना फक्त खुर्चीतून उठायचं असतं, असं यांचं म्हणणं.

आणि डोळे तर कुणाचेच बिघडत नाहीत! वर्तमानपत्रवाले शाई वाचवायला लागतात, दिव्यांना पूर्वीसारखा उजेड राहत नाही, औषधाच्या बाटलीवर मुद्दाम बारीक छापतात. एका निवृत्त मास्तरांनी तर भिंतीवरचा तक्ता पाठ केला होता. यांनी तक्ता उलटा टांगला तरी मास्तरांनी तो न अडखळता वाचून दाखवला. असं काही झालं की संध्याकाळी हे घरी येऊन साग्रसंगीत नक्कल करून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "माणसाला स्वतःचं कसं कळत नाही गं?" मीही पोट धरून हसायचे. हसण्याआधी जरा दम धरायला हवा होता, पण मला तरी काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय.

यांच्या दुकानाला लागून, मधे एक भिंत सोडून, कानाच्या मशीनवाल्याचं दुकान आहे. मशीन नीट बसलं नाही की ते शिट्टी मारतं, बारीक, सुईसारखी. ती शिट्टी भिंतीतून आरपार यायची आणि ऐन तपासणीत यांचं गिऱ्हाईक दचकायचं. त्यावरून दोघांचं वाजलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या सद्गृहस्थांना 'शिट्टीवाला' हेच नाव पडलं. तेही कमी नाहीत. चष्मा लागला तेव्हा शेजारी न येता चार गल्ल्या पलीकडून करून आणला. तो त्यांना वाकडा बसतो, पण अभिमान सरळ आहे.

आता लेकीचं सांगते, कारण सगळं रामायण तिच्यापासून सुरू झालं. आमची एकुलती एक लेक वाद्यवृंदात वाजवते. काय वाजवते असं कुणी विचारलं की मी जरा घाईने सांगून टाकते, ट्रँगल. लोखंडी कांबीचा त्रिकोण, दोरीला टांगलेला, त्यावर छोट्या काडीने मारायचं. टिंग. बाकीची मंडळी तासभर घाम गाळतात आणि ही उभी राहून मोजत असते. मग एकदा टिंग, मग पुन्हा मोजणी. मला वाटायचं, किती सोपं! हे म्हणायचे, "सोपं? अगं, व्हायोलिनवाला चुकला तर बाकीचे व्हायोलिनवाले त्याला झाकतात. हिला कोण झाकणार?"

लहानपणी ती सराव करायची तेव्हा हे स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन तिच्यासमोर बसायचे. यांना वाजवता काही येत नाही, पण कान होता. बोटाने मांडीवर मोजत राहायचे आणि ठोका जरासा इकडे तिकडे झाला की बोट वर. "घसरलीस." ती चिडायची, पाय आपटायची, माझ्याकडे यायची. "आई, तू सांग." मी म्हणायचे, "छान झालं गं." त्यावर ती जास्तच चिडायची. "तुला सगळंच छान वाटतं!" आणि परत बाबांपुढे जाऊन उभी राहायची. घरातल्या एका माणसाचंच मत तिला हवं असायचं, आणि तो माणूस मी नव्हते. याचं मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

ती दूरच्या शहरात एका वाद्यवृंदात वर्षभर उमेदवारी करत होती. तिथे कायमची जागा निघाली. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या वादनाचं एक रेकॉर्डिंग महिनाअखेर पाठवायचं होतं, आणि एकदाच. तिने तिचं रेकॉर्डिंग आधी बाबांना पाठवलं. फोनवर म्हणाली, "बाबा, इथे सगळे छान म्हणतायत. मला काही कळेनासं झालंय. तुम्ही ऐका आणि सांगा. तुम्ही म्हणाल तर हे पाठवते, नाही म्हणाल तर आम्ही परत वाजवू. पण लवकर सांगा, सगळ्यांना परत जमवायचं म्हणजे वेळ लागतो."

हे कॉम्प्युटरपुढे बसले. मी मागे उभी. सनया, व्हायोलिनं, ढोल असं सगळं जोरात चाललं, मधेमधे टिंग झालं, संपलं. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "छान आहे." यांच्या कपाळावर आठ्या. पुन्हा लावलं. पुन्हा आठ्या.

"कॉम्प्युटरचा आवाज बसलाय," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"गढूळ आहे गं. वरचा भाग दिसतच नाही." चष्मेवाल्यांना आवाजही दिसतो.

माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला बोलावणं गेलं. तो अशा कामाला एका पायावर तयार, कारण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर प्रयोग करायला मिळतात. आल्या आल्या त्याने निदान केलं. "भावोजी, फाइलच दाबलेली आलीय. फोनवरून पाठवली की ती लहान करतात, त्यात बारीक आवाज गळतात." यांचा चेहरा खुलला. दोष सापडला! लेकीकडून मूळ, न दाबलेली, भलीमोठी फाइल मागवली. ती उतरायला सकाळ गेली. वाजवली. मी म्हणाले, "छान." यांच्या आठ्या तशाच.

मग भाऊ म्हणाला, "प्लेअर बदलू." कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेला प्लेअर म्हणे सगळे आवाज एका भांड्यात ओतून ढवळतो, गाणं, मेल आल्याची घंटा, सगळं एकत्र, आणि गाणं ज्या आकड्यांत साठवलेलं असतं ते आकडे त्या ढवळण्यात बदलतात. त्याने दुसरा प्लेअर टाकला. हा गाण्याचे आकडे जसेच्या तसे पुढे सोडतो. शिवाय त्यात एक अशी सोय होती की तो प्लेअर आवाजाचं सगळं यंत्र स्वतःच्या ताब्यात घेतो, दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देत नाही. हे मला मागाहून कळलं. कारण त्याच दुपारी माझ्या बहिणीने व्हिडिओ कॉल केला आणि पाऊण तास तिचं तोंड नुसतं हलत राहिलं. तिने काहीतरी फार महत्त्वाचं सांगितलं असावं, कारण शेवटी तिने डोळे पुसले. मीही पुसले. काय ते आजतागायत विचारायची हिंमत झाली नाही.

तरी यांचं समाधान नाही. मग तिसरा प्लेअर, मग चौथा. एकात आवाजाच्या पट्ट्या होत्या, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक, आणि प्रत्येकाला वरखाली सरकणारी खुंटी. हे उजवीकडच्या खुंट्या रोज थोड्या वर सरकवायचे. आणि मग आमची तपासणी. मला आणि भावाला आळीपाळीने खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचं, "आता स्पष्ट की मघाशी?" दुकानातला तो डोळा झाकायचा काळा चमचा हे घरी घेऊन आले. "डावा कान झाक. आता? आता उजवा झाक. आता?" मी चुलीवरचं सोडून चमचा कानाला लावून बसलेय, हे शेजारणीने खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून ती माझ्याशी फार हळुवार बोलते.

पहिले दोन दिवस आम्ही प्रामाणिकपणे उत्तरं दिली. मग भाऊ म्हणाला, "ताई, मला काही फरक कळत नाही." मी म्हणाले, "मलाही नाही. 'आता' म्हण आणि ऊठ." त्यानंतर आमची उत्तरं पटापट यायला लागली. आठवड्याअखेर उजवीकडच्या सगळ्या खुंट्या छताला टेकल्या. आता ते टिंग ऐकलं की माझ्या दाढा शिवशिवायच्या, मांजर कॉटखाली जायचं, आणि हे स्पीकरला कान लावून म्हणायचे, "अजून गढूळच आहे."

लेकीचे फोन सुरूच होते. "बाबा, ऐकलंत?"

"ऐकतोय. घाई करू नकोस. आमच्याकडे यंत्रात जरा दोष आहे."

"आई, बाबा काही बोलत का नाहीत? वाईट झालंय का?"

"छान झालंय गं," मी म्हणाले.

पलीकडे नुसता सुस्कारा. दिवस चालले होते. पोरीला वाटायला लागलं होतं की बाबांना आवडलं नाही आणि तिचं मन राखायला ते गप्प आहेत. आणि हे प्लेअर बदलत बसलेले. मला दोघांचाही राग यायला लागला, यांचा जास्त.

एक दिवस हे डबा विसरून गेले, तो द्यायला मी दुकानात गेले. आत पाऊल टाकते तोच शेजारून शिट्टी. बारीक, लांबलचक, भिंतीतून सरळ कपाळात शिरणारी. खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं, मी दचकले, डब्याचं झाकण खणखणलं. हे शांतपणे काच पुसत होते.

"केवढ्याने वाजतंय हो आज," मी म्हणाले.

"काय वाजतंय?"

"शिट्टी."

"छे! ती केव्हाच बंद झाली. वर्ष झालं असेल. धंदा बसला वाटतं त्याचा." स्वर अगदी समाधानाचा. आणि तेवढ्यात शिट्टी पुन्हा वाजली. गिऱ्हाईकाने माझ्याकडे पाहिलं. मी गिऱ्हाईकाकडे पाहिलं. हे काच उजेडाकडे धरून म्हणाले, "किती शांत वाटतं नाही आता?"

मी डबा ठेवला आणि घरी आले. वाटभर आधी हसू येत होतं, मग येईनासं झालं. पूर्वी मी चहा ढवळला तरी 'चमचा वाजवू नकोस गं' म्हणणारे हे. हल्ली हेच कपात चमचा खणखणवत बसायचे. मी हाक मारली की 'काय पुटपुटतेस' म्हणायचे. आणि मला वाटायचं, संसार जुना झाला की नवरे असेच होतात.

संध्याकाळी मी स्वतः कॉम्प्युटरपुढे बसले. "भावाने नवा प्लेअर पाठवलाय. या, खुर्चीत बसा. आज मी विचारणार." हे खूश. डोळे मिटून ताठ बसले. मी रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावलं. सुरुवातीला बराच वेळ नुसती जाड वाद्यं आहेत, लेकीची काडी तिथे हातातसुद्धा नाही. एवढ्या वेळा ऐकून मला ते पाठ झालं होतं.

"आली का ती ऐकू?" मी विचारलं.

यांनी जरा वेळ घेतला. मग म्हणाले, "आली! वा! आता बघ कशी लख्ख आली!"

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "अहो, ती अजून वाजलीच नाही."

यांनी डोळे उघडले.

"आणि नवा प्लेअरही नाही. पहिलाच आहे, फुकटातला. कोरी काच."

पुढची दहा मिनिटं हे जे काही बोलले त्यात स्पीकर निकृष्ट होता, खोलीला प्रतिध्वनी होता, रेकॉर्ड करणाऱ्याने माइक चुकीच्या जागी ठेवला होता, आणि हल्लीचे ट्रँगलच कमअस्सल लोखंडाचे असतात. मी हाताची घडी घालून ऐकत होते. कुणाची तरी हुबेहूब नक्कल चालल्यासारखं वाटत होतं. ते यांच्याही ध्यानात आलं असावं. बोलता बोलता मधेच थांबले आणि खांदे खाली गेले.

"मला ती ऐकूच येत नाही गं," हे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. सगळे वाजतात, तीच तेवढी नाही. ती माझ्यावर विसंबलीय आणि मी तिला काय सांगू?"

मला रडू आलं, आणि त्या रडण्यात हसूही होतं. मी काळा चमचा यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "उद्या सकाळी शेजारी जायचं."

"त्याच्याकडे? त्या शिट्टीवाल्याकडे? मी मरेन पण—"

"महिना संपायला किती दिवस राहिले?"

यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सकाळी हे शिट्टीवाल्यांच्या दुकानात असे शिरले, की जणू कुणाचा पत्ता विचारायला आलेत. ते गृहस्थ वाकड्या चष्म्यातून बघत राहिले. मग खुर्ची पुढे केली. यांच्या कानावर मोठे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबा."

यांनी बटण दाबायला सुरुवात केली. थोडं थांबून दाबलं, मग दाबलं, मग जरा विचार केल्यासारखं करून दाबलं. मी कोपऱ्यात बसून बघत होते. परीक्षेला बसलेला माणूस जसं सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर लिहून येतो, तसं चाललं होतं. शिट्टीवाल्यांनी शेवटी हेडफोन काढून घेतले.

"अहो शेजारी," ते म्हणाले, "मी अजून यंत्र सुरू केलेलं नाही."

मी पदर तोंडाला लावला. हे लालबुंद झाले, आणि मग, देव जाणे कसं, हसायला लागले. इतके हसले की शिट्टीवालेही हसले आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. यांनी तो वरच्यावर झेलला, उजेडाकडे धरला, दोन्ही काड्या अंगठ्याने जरा वाकवल्या आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. "आता?" यांनी विचारलं. "आता," ते म्हणाले. मग दुसऱ्यांदा तपासणी झाली, आणि ती खरी झाली. जाड आवाज सगळे येत होते, बारीकच तेवढे गेले होते.

मशीन कानात घालून घरी आलो तर नवीच पंचाईत. नळ टपकतोय, पंखा करकरतोय, मी चालते तेव्हा चपला फटफटतात. "तू एवढी ओरडून का बोलतेस?" यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "सवय लावलीत म्हणून." कागदाचा चोळामोळा केला तरी हे दचकत होते. चहात मी चमचा फिरवला तसा यांचा हात थबकला. "हे असं वाजतं होय," म्हणाले, आणि मला पुन्हा ढवळायला लावलं.

मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणून हे कॉम्प्युटरपुढे बसले. सगळ्या खुंट्या होत्या तिथे खाली आणल्या. नवे प्लेअर बाजूला सारले आणि तो पहिला, फुकटातला, लावला. व्हायोलिनं, ढोल. यांचं बोट मांडीवर मोजायला लागलं. मग टिंग. यांचे डोळे एकदम भरून आले. पण मोजणी सोडली नाही. टिंग. पुन्हा टिंग. मी आपली मागे उभी. शेवटाकडे ढोल थांबतात, एक शांतता येते, आणि त्यात तिचा एकटीचा ठोका आहे. तो पडला. आणि यांचं बोट वर गेलं.

मला तर धडकीच भरली. "अहो, राहू द्या ना. छान आहे."

यांनी तो भाग पुन्हा लावला. पुन्हा बोट वर. मग फोन उचलला.

"ढोल थांबल्यावरचा ठोका," हे लेकीला म्हणाले. "घसरलीस. हे पाठवू नकोस."

मला वाटलं, मोडलं पोरीचं मन, आणि यांच्या हातून फोन ओढून घ्यायला मी पुढे झाले. तेवढ्यात तिचं रडणं ऐकू आलं, आणि रडता रडता हसणं.

"मला माहीत होतं, बाबा! तोच ठोका मला रोज टोचत होता. इथे एकाही माणसाला दिसला नाही. तुम्हीही काही बोलेनात. मला वाटलं, तुम्हीसुद्धा आता आईसारखे झालात."

हे मी ऐकलं, आणि त्या क्षणी मला राग यायला हवा होता. आला नाही.

"इतके दिवस मला ऐकूच येत नव्हतं गं," हे म्हणाले. अगदी सरळ सांगितलं, चष्म्याचा नंबर सांगावा तसं. "कानाला मशीन बसवलंय. शेजारच्यांकडून."

"शिट्टीवाल्यांकडून?" पोरगी किंचाळली. यांनी फोन कानापासून लांब धरला.

तिने मंडळी जमवली, परत वाजवलं, आणि महिना संपायच्या आदल्या दुपारी नवी फाइल आली. हे दुकान बंद करून घरी आले. त्यांच्यामागून शिट्टीवालेही आले, मशीन बरोबर बसलंय का बघायला म्हणून. खरं म्हणजे त्यांनाही ऐकायचं होतं. ते स्टुलामागे उभे राहिले, मी दाराशी. लेक फोनवर होती, तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. व्हायोलिनं झाली, ढोल झाले, ढोल थांबले. ती शांतता आली. टिंग.

यांचं बोट मांडीवरच राहिलं.

"बाबा," फोनमधून पोरगी म्हणाली, "आता बरं की मघाचं?"

यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आता," हे म्हणाले. "आताचं पाठव."